शोभिवंत माशांचा नवा वाण कसा तयार होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गप्पी, फायटर, गोल्डफिश, एंजल यांची घरी किंवा छोट्या युनिटमध्ये पैदास करणाऱ्यांकडून आणि करू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न सारखे येतात. बरीच उदाहरणं गप्पीची आहेत. तो स्वस्त आहे, लवकर वयात येतो, आणि माशांमधल्या आनुवंशिकतेचा पहिला मोठा अभ्यास ज्या मोजक्या जातींवर झाला त्यांत तो आहे.

नवा वाण म्हणजे नक्की काय? माझ्याकडे एक वेगळ्याच रंगाचा नर निघालाय, तो वाण झाला का?

नाही. तो एक सुंदर मासा झाला. त्याच्या जोड्या लावल्यावर पिल्लं बहुतांशी त्याच्यासारखी निघाली, त्या पिल्लांची पिल्लंही तशीच निघाली, आणि दुसऱ्या कुणाच्या टाकीत, दुसऱ्या पाण्यातही ती तशीच राहिली, की त्याला वाण म्हणायचं. दुकानात 'न्यू स्ट्रेन' म्हणून महागात विकली जाणारी बरीचशी जोडी पहिल्या पिढीचा संकर असते. ती घरी आणून पैदास केली की दहा तऱ्हेची पिल्लं मिळतात आणि ग्राहक पाण्याला दोष देतो.

पण मुळात नवा रंग येतो कुठून?

पैदास करणारा रंग तयार करत नाही. जनुकात आपोआप झालेला बदल कळपात आधीच असतो, बहुतेकदा दबलेला असतो. तो दिसला की ओळखायचा, वेगळा काढायचा आणि पक्का करायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

गोल्डफिशची गोष्ट पाहा. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, राखाडी-हिरवट कार्पवर्गीय माशांमध्ये अधूनमधून निघणारी केशरी पिल्लं लोकांनी वेगळी पाळली. रानात असं पिल्लू बगळ्याने पहिल्यांदा टिपलं असतं. तळ्यात ते जगलं. पुढे मासे भांड्यांत पाळले जाऊ लागले तसे दुहेरी शेपटीचे, फुगीर डोळ्यांचे, पाठीवर पर नसलेलेही जगू लागले.

या दुहेरी शेपटीमागचं जनुक 2014 साली तैवानमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं. 'कॉर्डिन' हे जनुक गर्भाचं पोट-पाठ ठरवण्याच्या कामात असतं. ते बिघडलं तर बहुतेक माशांची पिल्लं जगत नाहीत. गोल्डफिशच्या पूर्वजांमध्ये मात्र संपूर्ण जनुकसंचाची दुप्पट होऊन गेलेली होती, त्यामुळे या जनुकाच्या दोन आवृत्त्या त्यांच्याकडे होत्या. एक बिघडली, दुसरीने गाडा रेटला, आणि शेपटी दुभंगली. चिनी पाळणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी ती शेपटी पाहिली, आणि तो मासा टाकून दिला नाही.

शाळेतला मेंडेल माशांना लागू पडतो का?

अगदी पडतो. जपानमध्ये तोयामा यांनी 1916 साली मेडाका माशाच्या रंगावर तेच वाटाण्याचं गणित मांडून दाखवलं होतं. रोजच्या कामात तीन तऱ्हा भेटतात.

पहिली साधी: अप्रभावी गुण. अल्बिनो, ब्लाँड (फिकट पिवळसर अंगाचा), गोल्डन गप्पी यात येतात. दोन्ही पालकांकडून जनुक आलं तरच दिसतं, एकाकडून आलं तर मासा दिसायला साधा पण वाहक असतो.

दुसरी अपूर्ण प्रभावाची, आणि लोक इथेच फसतात. कॅलिको गोल्डफिश घ्या. धातूसारख्या चकचकीत खवल्यांचा मासा आणि पारदर्शक खवल्यांचा मासा यांची पिल्लं सगळी कॅलिको निघतात: अंगावर काही खवले चमकणारे, काही पारदर्शक, त्यांच्याखालून निळा-काळा-केशरी रंग डोकावणारा. आता कॅलिकोची कॅलिकोशी जोडी लावली तर निम्मीच पिल्लं कॅलिको, पाव चकचकीत, पाव पारदर्शक. चिनी प्राणिशास्त्रज्ञ चेन यांनी 1920च्या दशकात हे दाखवलं. म्हणजे 'शंभर टक्के कॅलिको देणारी कॅलिको जोडी' असं कुणी विकत असेल तर ते शक्यच नाही. फायटरमधला रॉयल ब्लूही तसाच. रॉयल ब्लू × रॉयल ब्लू म्हणजे निम्मे रॉयल, पाव स्टील ब्लू, पाव टर्क्वाइज. सगळी पिल्लं रॉयल हवी असतील तर स्टीलची जोडी टर्क्वाइजशी लावायची.

तिसरी तऱ्हा अनेक जनुकांची. शेपटीचा पसारा, अंगाची लांबी-जाडी, रंगाचा गडदपणा. इथे मेंडेलचं 3:1 वगैरे ठरलेलं प्रमाण काही मिळत नाही. दर पिढीत सर्वांत चांगले निवडायचे आणि इंच इंच पुढे सरकायचं.

गप्पीचा रंग फक्त बापाकडून येतो म्हणतात. खरं आहे?

बऱ्याच अंशी. गप्पीत माणसासारखीच एक्स-वाय पद्धत आहे. डेन्मार्कमध्ये योहान्स श्मिट यांनी 1920 साली दाखवलं की पाठीच्या परावरचा एक काळा ठिपका बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडेच जातो, मुलींमध्ये कधी उतरत नाही. पुढे ओयविंद विंगे यांनी 1922 पासून गप्पीच्या अनेक नक्ष्या वाय गुणसूत्रावर आणि काही एक्सवर असल्याचं शोधून काढलं. आजच्या बाजारातला मॉस्को नावाचा गप्पीचा वाण वायवर चालतो. कोब्राची जाळीदार नक्षीही बहुतेक वाणांत वायवरच असते. हाफ ब्लॅक, ज्याला आपल्याकडे टक्सिडो म्हणतात, तो एक्सवरही असतो आणि वायवरही, वाणावर अवलंबून.

पण म्हणून मादीला दुय्यम समजू नका. तिच्या एक्सवर काय आहे ते तिच्या फिकट अंगावर धड दिसत नाही, तरी ते अर्ध्या किंवा सगळ्या मुलांमध्ये उतरतं. शिवाय एक्स आणि वाय यांच्यात क्वचित अदलाबदलही होते, तीही विंगे यांनीच नोंदवली आहे. चांगला नर कुठल्याही मादीवर सोडून 'बापासारखीच येतील' म्हणणाऱ्यांची तिसऱ्या पिढीत शेपटी जाते. शेपटीचा आकार बराचसा आईकडूनही येतो.

एखादं प्रत्यक्ष उदाहरण द्याल का? मला ब्लाँड कोब्रा हवाय.

चांगलं उदाहरण आहे, कारण यात वायवरचा एक गुण आणि साधा अप्रभावी गुण एकत्र आणायचे आहेत. तुमच्याकडे राखाडी अंगाचा कोब्रा नर आहे (नक्षी वायवर असलेला) आणि ब्लाँड वाणाची कुमारी मादी आहे. जोडी अशीच लावायची, उलटी नाही. ब्लाँड नर आणि कोब्रा घराण्यातली मादी घेतली तर वाय ब्लाँड बापाचा जाईल आणि नक्षी पहिल्याच पायरीला हरवेल.

पहिल्या पिढीत सगळी पिल्लं राखाडी दिसतील. मुलगे कोब्रा, मुली साध्या. इथेच बरेच जण कंटाळून बॅच विकून टाकतात. थांबा. सगळी पिल्लं ब्लाँडची वाहक आहेत.

आता दोन वाटा. भाऊ-बहीण जोडी लावली तर पुढच्या पिढीत पाव पिल्लं ब्लाँड, त्यात निम्मे नर, म्हणजे आठात एक ब्लाँड कोब्रा. निदान एक तरी मिळण्याची 95 टक्के खात्री हवी असेल तर 23 पिल्लं वाढवावी लागतील. दुसरी वाट म्हणजे पहिल्या पिढीचा कोब्रा मुलगा परत ब्लाँड आईवर किंवा तिच्या ब्लाँड बहिणीवर घालायचा. मग निम्मी पिल्लं ब्लाँड, आणि चारात एक ब्लाँड कोब्रा. खात्रीसाठी 11 पिल्लं पुरतात, आणि त्यासोबत निघणाऱ्या ब्लाँड माद्याही पुढच्या जोडीसाठी हाताशी येतात. टाक्या कमी असतील तर दुसरी वाट धरा.

कागदावर हे पाच मिनिटांचं काम आहे. टाकीत त्याला वर्ष लागतं. म्हणून आधी कागद.

कुमारी मादी कशी ओळखायची?

दुकानातली मोठी मादी कुमारी नसतेच, असं धरून चाला. गप्पी मादी एकदा मिळालेलं शुक्र काही महिने पोटात साठवते आणि नराशिवायही पुन्हा पुन्हा पिल्लं देते. त्यामुळे तुम्ही महागाचा नर सोडला तरी पिल्लं आधीच्या कुणाची तरी असू शकतात.

खात्रीचा मार्ग एकच, पिल्लं स्वतः वेगळी करायची. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून रोज बघायला लागा. पिल्लू पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात घ्या, मागून मोबाइलचा टॉर्च धरा. पोटाच्या मागच्या बाजूला, शेपटीकडे, काळपट डाग दिसला तर मादी. त्याच जागी खालचा पर पंख्यासारखा पसरलेला असेल तर मादीच. तोच पर निमुळता होऊन मागे वळायला लागला असेल तर नर, आणि तो लगेच उचलायचा, कारण रंग यायच्या आधीच तो कामाचा झालेला असतो. शंका असेल ते पिल्लू माद्यांच्या टाकीत ठेवू नका, तिसऱ्या डब्यात ठेवा.

किती टाक्या लागतात?

एका वाणासाठी निदान सहा लहान टाक्या धरा: पैदाशीची, पिल्लांची, नरांची, माद्यांची, राखीव जोडीची आणि आजाऱ्यासाठी एक. फायटरला वेगळंच गणित आहे. एका वेळेला शेकडो पिल्लं निघू शकतात आणि नर दोन-तीन महिन्यांचे झाले की एकमेकांना फाडतात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र बरणी. तेवढ्या बरण्यांचं पाणी बदलायची तयारी घरात कुणाची आहे ते आधी ठरवा. माझ्या मते या छंदात जनुकशास्त्राचं अज्ञान जेवढे प्रकल्प बुडवतं त्याहून जास्त जागेची टंचाई बुडवते.

पाणीही बघा. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, गप्पी आणि मॉलीला ते मानवतं. कोकणातलं जांभ्यातलं पाणी हलकं असतं, तिथे फायटर-एंजलची पैदास सोपी जाते. पालिकेच्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय मात्र काहीच करू नका.

भाऊ-बहिणीचीच जोडी किती पिढ्या लावायची? कुठे थांबायचं?

गुण पक्का करायचा तर जवळच्या नात्यातली जोडी टाळता येत नाही. पण किंमत समजून घ्या. सख्ख्या भावंडांची जोडी लावल्यावर पहिल्याच पिढीत अंतःप्रजनन (जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता) 25 टक्के होतं, दुसरीत 37.5, तिसरीत 50. त्यासोबत दडलेले वाईट गुणही समोर येतात: वाकडा कणा, लहान वेत, उशिरा वयात येणं, साध्या बदलत्या हवेत मरणारी पिल्लं.

एक चूक फार सर्रास दिसते. एकच जबरदस्त नर, त्याच्यासोबत दहा माद्या. अकरा मासे आहेत म्हणून निश्चिंत राहायचं. जनुकांच्या हिशेबाने ते चार माशांइतकेही नाहीत: सूत्र आहे 4 × नर × माद्या ÷ (नर + माद्या), म्हणजे 40 ÷ 11, साधारण 3.6. तेच पाच नर आणि पाच माद्या ठेवल्या तर दहाचे दहा मोजले जातात.

उपाय जुना आणि चांगला आहे. एकाच वाणाच्या दोन स्वतंत्र ओळी, 'अ' आणि 'ब', वेगवेगळ्या टाक्यांत चालवायच्या आणि तीन-चार पिढ्यांनी एकमेकींत मिसळायच्या. एखाद्या विश्वासू मित्राकडे तुमचीच एक ओळ ठेवली तर वीज गेली, फिल्टर बंद पडला, तरी वाण वाचतो.

दोन वेगळ्या जातींचा संकर करून काहीतरी एकदम नवं काढता येईल?

येतं, पण मी तरी नवख्यांना तो सल्ला देत नाही. फ्लॉवरहॉर्न मलेशियात 1990च्या दशकात सिक्लिड कुळातल्या माशांच्या संकरातून निघाला आणि कपाळावरच्या उंचवट्यामुळे 'लकी' म्हणून आपल्याकडेही खपला. त्याचे बरेच नर वांझ असतात. तैवानमध्ये 1980च्या दशकात निघालेल्या पॅरट सिक्लिडचं तोंड नीट मिटत नाही, आणि नर बहुतेक वांझच.

सर्वांत बोलका दाखला प्लॅटी आणि स्वोर्डटेलचा. पाठीच्या परावर काळे ठिपके असलेली प्लॅटी स्वोर्डटेलशी लावली तर पिल्लांत काळा रंग वाढतो, आणि ती पिल्लं पुन्हा स्वोर्डटेलशी लावली की काहींत तो रंग आवरेनासा होऊन त्वचेचा कर्करोग होतो. 1920च्या दशकाच्या अखेरीस मायरन गॉर्डन, कुर्ट कोसविग आणि गेओर्ग हॉयस्लर यांनी हे वेगवेगळं नोंदवलं. प्लॅटीत रंग वाढवणाऱ्या जनुकाला आवर घालणारं दुसरं जनुक असतं, स्वोर्डटेलकडे ते नाही. संकरात लगाम सुटतो. आजही कर्करोगाच्या अभ्यासात हे मासे वापरले जातात. बाजारातल्या प्लॅटी आणि स्वोर्डटेलमध्ये आधीच एकमेकांचं रक्त बरंच मिसळलेलं आहे, त्यामुळे फार काळी पिल्लं दिसली तर ती पुढे चालवू नका.

अंधारात चमकणारे मासे निवड पैदाशीतून आले का?

नाही. झेब्राफिशमध्ये दुसऱ्या सजीवाचं चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालून ते तयार केले. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात 1999 साली हे काम झालं, अमेरिकेत 2003 च्या अखेरीस 'ग्लोफिश' नावाने विक्री सुरू झाली. गंमत अशी की मूळ झेब्राफिश आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांचा. भारतात जनुकबदल केलेल्या सजीवांना पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम लागू आहेत. परवानगीशिवाय ते आणणं, वाढवणं, विकणं बेकायदा आहे. आणि इथला झेब्राफिश इथल्या पाण्यात जगतोच, तेव्हा असे मासे सुटले तर काय, हा प्रश्न आपल्यासाठी अमेरिकेपेक्षा जास्त खरा आहे.

विकत आणलेल्या माशाचा रंग महिन्याभरात उतरला. जनुकात खोट का?

बहुधा नाही. लाल-केशरी रंगाचा मोठा भाग खाण्यातल्या कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यावर असतो. मासा ते स्वतः बनवू शकत नाही. निळा रंग तर रंगद्रव्याचाच नसतो. चमकणाऱ्या पेशींमधल्या स्फटिकांवरून प्रकाश परततो म्हणून निळं दिसतं. म्हणूनच निवड करताना सगळ्या पिल्लांना सारखं खाणं द्या, नाहीतर तुम्ही जनुक निवडताय असं वाटेल आणि प्रत्यक्षात पोट भरलेला मासा निवडाल.

दोन फसवणुकी मात्र ओळखून ठेवा. काही ठिकाणी पिल्लांना संप्रेरक मिसळलेलं खाद्य देऊन रंग लवकर आणतात. अशा माशांची पैदास नीट होत नाही. आणि काचमाशाच्या अंगात सुईने रंग टोचून 'पेंटेड' म्हणून विकतात. तो रंग पुढच्या पिढीत येण्याचा प्रश्नच नाही, आणि मासाही फार दिवस टिकत नाही.

फायटरमध्ये डबल टेल × डबल टेल का लावत नाहीत?

डबल टेल अप्रभावी आहे, त्यामुळे अशी जोडी सगळी डबल टेल देईल खरी. पण पाठ आखूड आणि कणा वाकडा असलेल्यांचं प्रमाण वाढतं. म्हणून डबल टेल मासा वाहक असलेल्या एकेरी शेपटीच्या माशाशी लावतात आणि निम्म्या पिल्लांवर समाधान मानतात.

नको असलेल्या पिल्लांचं काय करायचं?

हा प्रश्न पहिली जोडी लावायच्या आधी विचारायला हवा. निरोगी पण रंगाने कमी असलेले मासे दुकानात 'मिक्स' म्हणून जातात, शेजारच्या मुलांना देता येतात. जन्मतःच वाकडी, पोहू न शकणारी पिल्लं हाल होऊ न देता लवंगेच्या तेलाच्या पाण्यात कायमची बेशुद्ध करणं हाच दयेचा मार्ग आहे.

नाल्यात, तळ्यात, विहिरीत मात्र काहीही सोडायचं नाही. 'पालिका डासांसाठी गप्पी सोडतेच की' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. आरोग्य विभाग साधे, चपळ गप्पी बंदिस्त साठ्यांत सोडतो. तुमचा लांब शेपटीचा नर तिथे डासांच्या अळ्यांमागे धावूही शकणार नाही, आणि वाहत्या पाण्यात गेलेला गप्पी स्थानिक लहान माशांच्या मुळावर येतो.

नोंदवहीत काय काय लिहायचं?

टाकीवर चिकटवलेल्या पट्टीवर वाणाचं नाव, ओळ आणि पिढी. वहीत जोडी कधी लावली, वेत कधी झालं, किती पिल्लं, किती नर, किती माद्या, किती वाकडी, किती मेली. आणि सर्वांत महत्त्वाचं: कोणता मासा का निवडला. 'छान वाटला' असं लिहू नका. 'शेपटी रुंद, पण पाठीचा पर आखूड, बहीण वाहक असावी' असं लिहा. मोबाइलमधले फोटो तारखेप्रमाणे ठेवले तर चार पिढ्यांनंतर शेपटी सुधारली की आपलेच डोळे सरावले, ते कळतं.

हे शिकायला महाराष्ट्रात कुठे जावं? अनुदान मिळतं का?

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांच्या प्रशिक्षणांची चौकशी करत राहा. धंद्याची बाजू समजून घ्यायची तर कुर्ल्याच्या बाजारात एक सकाळ घालवा, आणि जमलं तर चेन्नईच्या कोळत्तूरला जा, तिथे गल्लीच्या गल्ल्या शोभिवंत माशांवर जगतात.

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्य युनिटचा प्रकल्प खर्च 3 लाख रुपये धरला होता. सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. सध्या अर्ज चालू आहेत का ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

मी काढलेल्या वाणाचं पेटंट मिळेल का?

नाही. 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 3(j) वनस्पती आणि प्राण्यांना पेटंटमधून वगळतं. 2001 चा वाण संरक्षण कायदा फक्त पिकांसाठी आणि वनस्पतींसाठी आहे, माशांना लागू नाही. एकदा जोडी विकली की घेणारा त्यातून पैदास करू शकतो. त्यामुळे बरेच जण सुरुवातीची दोनेक वर्षं फक्त नर विकतात आणि माद्या घरातच ठेवतात. गप्पीत हे विशेष चालतं, कारण घेणाऱ्याकडे वाय आणि एकच एक्स जातो, पण माद्यांचे एक्स आणि शेपटीचं निम्मं गणित तुमच्याच टाकीत राहतं.